चिपाडाची ताटली आणि सभासदाचा हिशेब



गेल्या महिन्यात एका गावी खोडव्याच्या व्यवस्थापनावर गटसभा होती. सभा आटोपली, चहा झाला, आणि एका ज्येष्ठ सभासदांनी पिशवीतून बदामी रंगाची एक ताटली काढून आमच्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, "साहेब, परवा भाचीच्या लग्नात ह्यात जेवलो. वाढपी म्हणाला, ही उसाच्या चिपाडाची आहे. खरं का?"

आम्ही म्हणालो, "खरं आहे, आबा."

"मग ऊस आमचा, चिपाड आमचं, आन् ताटली आम्हीच पैसे देऊन घेतो. ह्यात आमच्या वाटणीला काय आलं?"

सभेत हशा पिकला. पण खरे सांगायचे तर आम्हांला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. अशा प्रकल्पाची माहितीपत्रके घेऊन मशिनरीवाले हल्ली सगळ्याच कारखान्यांच्या दारी येत असतात. आज ना उद्या हा विषय आपल्याही वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणार. तेव्हा हात वर करण्यापूर्वी सभासदांनी काय विचारावे, हे आधीच बोललेले बरे.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कुजून जाणाऱ्या वेष्टनाचा धंदा आपल्या कारखान्याने जरूर करावा, पण लहान प्रमाणात, संस्थेच्याच मालकीने, आणि बगॅसचा भाव आधी ठरवून. "पर्यावरणपूरक" एवढ्या एका शब्दावर भाळून मात्र करू नये.

हा विषय आताच का?

आपल्याकडे पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण होते. जेवण झाले की उकिरड्यावर, आणि पुढच्या वर्षी शेतात. मग प्लॅस्टिक आणि थर्माकोल आले, आणि ओढे, नाले, उसाच्या सऱ्यासुद्धा त्याने भरल्या. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लॅस्टिक बंदीची अधिसूचना काढली. केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे वगैरे ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी घातली. वडापाव वर्तमानपत्रात बांधून देणेही 2018 च्या अन्न वेष्टन नियमांनी बंद केले, कारण छपाईची शाई पोटात जाते. बंदी किती पाळली जाते हे आपण रोज पाहतोच. पण मागणी उभी राहिली आहे, आणि ती वाढत जाणार हे नक्की.

ही मागणी पुरवायला लागणारा काडीचा कच्चा माल शोधत लोक जंगलात जातात. आपल्याकडे तो गव्हाणीच्या पलीकडच्या टोकाला डोंगरासारखा पडलेला असतो.

आकडे मांडून पाहू

एक टन ऊस गाळला की साधारण 280 किलो ओला बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणी. उरलेल्यात बहुतेक तंतू. दिवसाला 5000 टन गाळप करणारा कारखाना धरा. रोजचा बगॅस झाला 1400 टन.

ताटलीसाठी या भुशातला मऊ गर, ज्याला पिथ म्हणतात, तो आधी वेगळा काढावा लागतो. तो वाया जात नाही, बॉयलरमध्ये जळतो. राहिलेला तंतू शिजवून त्याचा लगदा करतात, लगदा साच्यात दाबून वाळवतात, की झाली ताटली. सुमारे 6 टन ओल्या बगॅसमधून 1 टन लगदा मिळतो. मध्यम आकाराची ताटली 20 ग्रॅमची धरली, तर एका टनात 50 हजार ताटल्या.

आता रोज 5 टन लगद्याचा लहानसा प्रकल्प धरू. रोज अडीच लाख ताटल्या. त्याला दिवसाला 30 टन, आणि वर्षाचे 300 दिवस चालवला तर 9000 टन बगॅस लागेल. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या कारखान्याच्या साडेसहा दिवसांच्या गाळपाचा भुसा! वर्षभर अडीच लाखांनी ताटल्या काढायच्या आणि बगॅस गेला तो आठवड्याभराचाही नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. एक, बॉयलर उपाशी ठेवून, वीजनिर्मिती बंद पाडून ताटल्या करण्याची गरज नाही. दुसरी, सगळ्या कारखान्यांनी सगळा बगॅस ताटल्यांकडे वळवला तर जेवणारी माणसे कमी पडतील. म्हणून आम्ही लहान प्रमाणात म्हणतो. हा जोडधंदा आहे. साखरेची जागा तो घेणार नाही.

हे स्वप्नरंजनही नव्हे. तामिळनाडूत करूरजवळच्या सरकारी कागद कारखान्यात 1984 पासून बगॅसचा कागद निघतो. तिथली पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे: साखर कारखान्यांनी बगॅस द्यायचा आणि कागद कारखान्याने त्या बदल्यात वाफ किंवा दुसरे इंधन पुरवायचे. चिपाड फुकट घेऊन जाण्याची तिथे सोय नाही.

शब्दांचा गोंधळ

आता बाजारात जे शब्द फिरतात ते नीट निवडून घेऊ, कारण इथेच फसगत होते.

पहिली गोष्ट, "उसापासून केलेले" आणि "कुजणारे" हे दोन वेगळे. ब्राझीलमध्ये 2010 पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथीन करतात. ते उसाचे खरे, पण शेवटी पॉलिथीनच. मातीत टाकले तर आपल्या नातवंडांनाही सापडेल.

दुसरी गोष्ट, पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए. दुधाचे दही होताना जे आम्ल तयार होते, तेच साखरेपासून जिवाणूंकरवी तयार करून त्याची लांब साखळी जोडली की हे प्लॅस्टिकसारखे द्रव्य मिळते. थायलंडमध्ये रायोंग येथे 2018 पासून उसाच्या साखरेवर वर्षाला 75 हजार टनांचा असा कारखाना चालू झाला. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सने 2024 साली कुंभी येथे असाच मोठा प्रकल्प जाहीर केला. आपल्याकडे जेजुरीला प्राज कंपनीने त्याच वर्षी प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. हजारो कोटींचे हे काम एकट्या सहकारी कारखान्याच्या आवाक्यातले नाही. पण पाच-दहा कारखान्यांनी एकत्र येऊन साखर पुरवठ्याचा करार आणि भांडवलात वाटा मागणे अशक्य नाही.

मात्र पीएलए कुठेही टाकला की कुजतो, हा समज चुकीचा. कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसाठी 17088 क्रमांकाचे जे मानक आहे, त्यात सुमारे 58 अंश तापमानाला 180 दिवसांत 90 टक्के विघटन व्हावे अशी अट आहे. 58 अंश ऊब ना ओढ्यात मिळते, ना बांधावर. ती मिळते चांगल्या रचलेल्या, वेळेवर पलटलेल्या कंपोस्टच्या ढिगात. आणि असे ढीग आपल्या तालुक्यात कुठे असतात? आपल्याच कारखान्याच्या प्रेसमडच्या यार्डात. हा मुद्दा पुढे परत येईल.

"नॅनो" म्हणजे काय नि कशासाठी?

2021 पासून नॅनो युरियाच्या बाटलीमुळे हा शब्द आपल्या घरात आला आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. डोक्याचा केस 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा.

वेष्टनात नॅनोचे काम काय? चिपाडाच्या ताटलीत दोन उणिवा आहेत. आमटी आणि तेल झिरपते, आणि हवा आरपार जात असल्याने पदार्थ फार वेळ टिकत नाही. प्लॅस्टिक याच दोन बाबतींत वरचढ ठरते. ही उणीव भरून काढायला शास्त्रज्ञांनी दोन मुख्य वाटा धरल्या.

एक, चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे पीएलएमध्ये मिसळायचे. वाफ्यात आडवे-तिडवे बांध घातले की पाणी सरळ न जाता वळसे घेत जाते ना, तसे हवेतला प्राणवायू आणि बाष्प या पापुद्र्यांना वळसे घालत राहतात. वाट लांबते, पदार्थ जास्त टिकतो.

दोन, आणि ही आपल्या कामाची, नॅनोसेल्युलोज. बगॅसच्या तंतूत 40 ते 45 टक्के सेल्युलोज असते. तो तंतू दाबाखाली घासून किंवा आम्लाने फोडून 5 ते 50 नॅनोमीटर जाडीच्या धाग्यांत सुटा केला आणि त्याचा पातळ थर ताटलीवर दिला, तर तेल आणि हवा दोन्ही बऱ्याच प्रमाणात अडतात. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने नॅनोसेल्युलोजचे प्रायोगिक संयंत्र उभारले आहे. म्हणजे विद्या परदेशातून आणायची नाही, मुंबईच्या गाडीत बसले की पुरे. पण उणीवही सांगितली पाहिजे: ओल लागली की हा थर फुगतो आणि त्याची अडवण्याची ताकद कमी होते. शिवाय तंतू एवढे बारीक करायला वीज फार खर्च होते. त्यामुळे आज ही बाब प्रयोगाची आहे, संस्थेचे भांडवल त्यात गुंतवण्याची वेळ अजून आलेली नाही.

चांदीचे किंवा जस्ताचे नॅनो कण घातलेली वेष्टनेही निघाली आहेत. ते कण जंतू मारतात, हे खरे. पण ते अन्नात किती उतरतात आणि पोटात जाऊन काय करतात, याची तपासणी वस्तूगणिक व्हावी लागते. युरोपीय संघाने 2022 साली टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग अन्नात घालणे बंद केले. त्याच्या कणांचा पेशीतील जनुकीय द्रव्यावर परिणाम होणार नाही अशी खात्री देता येत नाही, हे त्याचे कारण. अनेक वर्षे बिनघोर वापरलेली वस्तू ही! म्हणून धातूच्या नॅनो कणांच्या बाबतीत आपण घाई करू नये. जंतू मारणारी गोष्ट शेवटी कंपोस्टात आणि आपल्या मातीतच येणार. तिथे ती चांगल्या जिवाणूंना सोडून देईल असे कोण सांगतो?

खरी भीती कशाची?

नॅनोपेक्षा आज जवळची भीती दुसरीच आहे. चिपाडाच्या ताटलीतून तेल झिरपू नये म्हणून लगद्यात फ्लोरिनयुक्त रसायने घालण्याची पद्धत जगभर होती. पीएफएएस नावाने ती ओळखली जातात. ही रसायने निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. डेन्मार्कने जुलै 2020 पासून अन्नाच्या कागदी वेष्टनात त्यांना मनाई केली. अमेरिकेत फेब्रुवारी 2024 मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले की, अन्नाच्या कागदी वेष्टनासाठी ही तेलरोधक रसायने आता तेथे विकली जात नाहीत. युरोपीय संघाने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पीएफएएस असलेल्या अन्न वेष्टनाला 12 ऑगस्ट 2026 पासून मनाई ठरवली.

आता विचार करा. ताटली चिपाडाची, म्हणून आपण ती विश्वासाने उकिरड्यावर टाकली. ती कुजली. पण तिच्यातले हे रसायन कुजले नाही. ते खतातून आपल्या उसाच्या सरीत आणि तिथून विहिरीत गेले. प्लॅस्टिकचा तुकडा निदान दिसतो, वेचून काढता येतो. हे दिसतही नाही. त्यामुळे आपल्या प्रकल्पाची पहिली अट हीच हवी की, असले रसायन गेटच्या आत येणार नाही आणि प्रत्येक लॉटची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत होईल. तेल थोडे झिरपले तरी चालेल. आमच्या आजीची पत्रावळही झिरपत होती, आणि आम्ही जेवत होतो.

दुसरी भीती पाण्याची. लगदा शिजवायला कॉस्टिक लागते आणि त्यातून काळे पाणी निघते. मोठे कागद कारखाने त्यातले रसायन परत मिळवतात, लहान प्रकल्पाला ते परवडत नाही. तेव्हा सौम्य प्रक्रिया घ्यायची, की लगदा बाहेरून करून आणायचा आणि आपण फक्त साचे चालवायचे, हे आधी ठरले पाहिजे. नदीकाठच्या गावांतले आपलेच सभासद ते पाणी पितात, हे विसरून चालणार नाही.

आता आबांचा प्रश्न

ह्यात आमच्या वाटणीला काय आलं? उत्तर द्यायचे तर ऊस दराच्या कायद्याकडे यावे लागते.

डॉ. सी. रंगराजन समितीने 2012 साली सुचवले की साखर आणि पहिल्या टप्प्यातील उपपदार्थ यांच्या उत्पन्नातील 70 टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातील 75 टक्के, ऊस उत्पादकाला मिळावेत. महाराष्ट्राने 2013 साली याच धर्तीवर कायदा केला आणि ऊस दर नियंत्रण मंडळ नेमले. पहिल्या टप्प्यातील उपपदार्थ म्हणजे बगॅस, मोलॅसिस आणि प्रेसमड. एफआरपी ही खालची मर्यादा. हिशेबाने त्यावर काही निघाले तर ते शेतकऱ्याचे.

आता गोम पाहा. ताटली ही पहिल्या टप्प्यातली वस्तू नव्हे. तिचा नफा 70 टक्क्यांच्या सूत्रात येत नाही. सूत्रात येतो तो बगॅसचा भाव, म्हणजे कारखान्याने ताटली प्रकल्पाला बगॅस कोणत्या दराने दिला असे वहीत लिहिले, तो आकडा. समजा हा दर खऱ्या किमतीपेक्षा टनाला 500 रुपयांनी कमी लिहिला. 9000 टनांवर 45 लाख रुपये कमी दिसले. त्यातले 70 टक्के, म्हणजे साडेएकतीस लाख, ऊस दराच्या हिशेबातून गेले. हंगामात साडेसात लाख टन गाळप धरले, तर टनाला चार रुपये वीस पैसे.

कोणी म्हणेल, चार रुपयांसाठी एवढे काय? रक्कम लहान आहे, कबूल. पण एकदा पडलेली रीत मोडत नाही. आज नऊ हजार टनांवर पडलेला भाव उद्या नव्वद हजार टनांवर लागू होईल. आणि प्रकल्प जर वेगळी खाजगी कंपनी काढून तिच्या नावावर केला, तर स्वस्त बगॅसही गेला आणि ताटलीचा नफाही गेला. मग आबांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरेल.

बगॅसचा खरा भाव ठरवायला फार मोठा पंडित लागत नाही. बॉयलरला विचारावे. ओल्या बगॅसच्या एका किलोत साधारण 2250 किलोकॅलरी उष्णता असते. तेवढी उष्णता कोळशातून घ्यायला काय पडते, तो बगॅसचा किमान भाव. बाजारात निविदेने जास्त येत असेल तर तो.

सभासदांनी काय मागावे?

आम्ही नोकर माणसे. ठराव करायचा अधिकार आपला आहे. पण विचाराल तर आमच्या मते पुढच्या सभेत पाच गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.

एक, प्रकल्प संस्थेच्या मालकीचा असावा. तंत्रज्ञान बाहेरचे घ्यावे, मालकी बाहेर देऊ नये.

दोन, बगॅसचा दर इंधनमूल्याच्या किंवा निविदेच्या खाली लिहिला जाणार नाही, आणि तो दर दरवर्षी वार्षिक अहवालात वेगळा छापला जाईल.

तीन, फ्लोरिनयुक्त रसायन आणि धातूचे नॅनो कण वापरले जाणार नाहीत. नॅनोसेल्युलोजचा प्रयोग संशोधन संस्थेच्या सोबतीने, त्यांच्या निधीतून करावा.

चार, सांडपाण्याची व्यवस्था पूर्ण झाल्याशिवाय साचा फिरणार नाही.

पाच, तालुक्यातील मंगल कार्यालयांतून वापरलेल्या आपल्याच ताटल्या परत गोळा करून प्रेसमडच्या ढिगात कुजवून पाहाव्यात. एक हंगाम प्रयोग करावा, खत तपासावे, आणि निकाल याच अंकात छापावा. ताटली शेतातून निघाली तशी शेतात परत जाते हे आपण दाखवू शकलो, तर दुसरी जाहिरात करावी लागणार नाही.

थोडे शेतीविषयी

शेवटी आमच्या खात्याचे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ताटलीच्या मोहाने कोणी पाचट विकायला निघेल, तर त्यांनी थांबावे. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र आणि जवळपास टक्काभर पालाश असते. ते खोडव्यात आच्छादन म्हणून राहू द्या. चिपाड कारखान्याला गेलेच आहे, पाचट तरी मातीला ठेवा. जास्त तंतूच्या जातींच्या मागेही लागू नका. आपला पहिला पैसा उताऱ्याचा आहे.

आणि ऊस स्वच्छ पाठवा. मोळीला लागलेली माती गव्हाणीतून थेट बगॅसमध्ये जाते. बॉयलरमध्ये तिची राख होते, लगद्यात ती खडा होऊन ताटलीत बसते. उद्या आपल्याच लेकीच्या लग्नात आमटीबरोबर तो खडा दाताखाली आला, तर तक्रार कोणाकडे करणार?

आबांनी आणलेली ती ताटली आम्ही गट ऑफिसच्या मागच्या कंपोस्टच्या खड्ड्यात, वर काठी रोवून, पुरून ठेवली आहे. किती दिवसांत कुजते ते पाहून कळवूच. बाकीचे उत्तर आता सभासदांच्या हातात आहे.

— ऊस विकास अधिकारी